आपोआपवाला

आमच्या घराण्यात आजवर जो जो कामाला लागला, त्याचं काम एका शब्दात सांगता येत असे. मास्तर, तलाठी, कंडक्टर, बँकेत. (बँकेतला मी.) ताईचा मुलगा हा पहिला असा निघाला, की त्याचं काम सांगायचं तर पाहुण्याला आधी बसवावं लागतं, पाणी द्यावं लागतं आणि परतीची गाडी कितीची आहे ते विचारून घ्यावं लागतं. ताईनं आपल्यापुरता तोडगा काढलाय. "मुलगा काय करतो?" म्हटलं की ती "पुण्याला असतो" म्हणून मोकळी होते. समोरचा फारच चिवट निघाला तर "लशीचं बघतो" म्हणते. याचा परिणाम असा झाला की २०२१ साली अर्धी आळी दुसऱ्या डोसच्या वशिल्यासाठी ताईच्या दारात उभी होती, आणि भाचेबुवा आत मोबाइलवर बोटं आपटत म्हणत होते, "मलाच स्लॉट मिळत नाहीये!"

तो एकटाच असा असता तर मी लिहायला बसलो नसतो. पण त्याच्या खोलीवर येणारी-जाणारी मित्रमंडळी पाहिली आणि लक्षात आलं की ही एक जातच आहे. पाठीला सॅक, सॅकला लोंबणारी पाण्याची बाटली, अंगाला आंबूस-तिखट असा कसलासा वास, आणि उजव्या हाताचा अंगठा रिकामा असतानाही खालीवर होणारा. पिपेट दाबून दाबून तो तसा झालेला असतो. हे लोक स्वयंपाकघरात शिरले की दुसऱ्या दिवशी डब्यांवर मार्करनं अक्षरं उमटतात. ताईच्या साखरेच्या डब्यावर 'साखर, बॅच २, उघडली १४/३' असं आहे. मेतकुटाच्या बरणीवर 'पिवळी भुकटी, घटक अज्ञात' असं होतं. ते मात्र ताईनं घासून काढलं.

यांना मी आपोआपवाले म्हणतो. कारण यांचा जीव ज्या गोष्टीवर जडलेला असतो ती, यांच्याच म्हणण्याप्रमाणे, आपोआप होते. अमिनो आम्लं एकापुढे एक जोडून लहानशी साखळी करायची, तिचं नाव पेप्टाइड. दहा-पंधरा मण्यांची असली तरी पुरते. मणी असे निवडायचे की एक पाण्याला सोकावलेला, पुढचा पाण्याला भिणारा, मग परत सोकावलेला, परत भिणारा. साखळी ताठ झाली की तिची एक बाजू सगळी पाणवेडी होते आणि दुसरी सगळी पाणभित्री. ही साखळी खारट पाण्यात सोडायची. पुढे जे होतं ते मुलाकडच्या आणि मुलीकडच्या मंडळींना एका हॉलमध्ये सोडल्यावर होतं तेच. कुणाला सांगावं लागत नाही, जो तो आपल्या माणसांना धरून बसतो. भित्र्या बाजू एकमेकींत तोंड लपवतात, साखळीला साखळी लागून धागा होतो, धाग्यांचा गुंता होतो आणि त्या गुंत्यात पाणी अडकून पडतं. झालं हायड्रोजेल. शंभरात नव्व्याण्णव भाग पाणी, एक भाग पेप्टाइड. हे प्रमाण ऐकल्यापासून आमच्या दूधवाल्याविषयीचं माझं मत बरंच निवळलंय.

लशीशी याचा संबंध असा. साखळीच्या टोकाला रोगजंतूचा एक तुकडा आधीच जोडून ठेवायचा. धागा जमला की तो तुकडा धाग्याच्या अंगावर असंख्य वेळा, ओळीनं दिसायला लागतो. सुटा तुकडा शरीराच्या खिजगणतीत नसतो. तोच असा दाटीवाटीनं दिसला की प्रतिकारशक्तीच्या पेशींना जंतूच अंगावर आल्यासारखं वाटतं आणि त्या कामाला लागतात. २०१० साली शिकागो विद्यापीठातल्या जोएल कॉलियर यांच्या गटानं 'क्यू-११' नावाच्या अकरा मण्यांच्या साखळीला अंड्याच्या पांढऱ्या बलकातल्या प्रथिनाचा तुकडा जोडला आणि उंदरांना टोचला. दुसरं कुठलंही उत्तेजक न घालता उंदरांनी भरपूर प्रतिपिंडं केली. जोड सोडवून दोन्ही नुसती मिसळून दिली तर काही नाही. ही हकीकत सांगताना भाच्याचा आवाज घोगरा होतो. क्यू-११ ची अकरा अक्षरं त्याला अथर्वशीर्षासारखी पाठ आहेत. अथर्वशीर्ष पाठ नाही.

आता या 'आपोआप'चा घोटाळा बघा. मुलगी बघायला आम्ही एका घरी गेलो होतो. मुलीच्या वडिलांनी पोह्यांची बशी पुढे सरकवत साधा प्रश्न टाकला, "आपण नेमकं काय करता?"

"मी तसं काही करत नाही," चिरंजीव म्हणाले. "ते आपलं आपण होतं."

मी खाकरलो. ताईनं पदर सावरला.

"हो का? आणि पगार?"

"तो नाही आपोआप होत."

हे मात्र अक्षरशः खरं. संशोधक विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, दोन वर्षांनी ४२ हजार, वर घरभाडं. कागदावर ती दरमहा असते. खात्यावर येते तेव्हा साठून साठून एकदम येते. आणि हेच लोक दिवसभर कशावर वाद घालत असतात? लस शरीरात एकदम ओतावी की हळूहळू सोडावी! यांचं म्हणणं हळूहळू. जेल टोचलेल्या जागी बसून राहतं आणि आपला माल थोडा थोडा सोडत राहतं, त्यामुळे लसिकाग्रंथींमधल्या बी-पेशींची तालीम जास्त दिवस चालते आणि प्रतिपिंडं अधिक पक्की होतात. शास्त्र म्हणून मला पटतं. माणूस म्हणून या तत्त्वाचा त्रास होतो. "गणपतीला येणार का?" असं मी विचारलं, तर उत्तराचा पहिला भाग गोकुळाष्टमीला येतो आणि उरलेला अनंत चतुर्दशीला.

आपोआप जमणाऱ्या या वस्तूची तयारी कशी होते तेही सांगतो. रेझिनच्या बारीक दाण्यांवर एकेक अमिनो आम्ल चढवत साखळी वाढवायची. ही युक्ती रॉबर्ट ब्रूस मेरिफिल्ड यांची, १९६३ सालची. त्यांना १९८४ चं नोबेल मिळालं ते यासाठी. अमिनो आम्लाच्या तोंडावरची टोपी पिपेरिडिननं काढा, धुवा, पुढचं आम्ल जोडा, धुवा, परत टोपी काढा. पिपेरिडिनला उग्र वास असतो. शेवटी साखळी दाण्यांवरून सोडवायला जे आम्ल वापरतात ते हुंगलं की नाकातले केस उभे राहतात. मधे मधे जोडणी पुरी झाली का ते बघायचं: चार दाणे काढून त्यांवर निनहायड्रिन घालून तापवायचं. दाणे पिवळसर राहिले तर पुढे चला. निळे झाले तर जोडणी अर्धवट, या मागे. गेल्या दिवाळीला ताईनं हौसेनं निळा शर्ट आणला. त्याची घडी अजून मोडलेली नाही.

या कुळातली सगळ्यात नावाजलेली साखळी अमेरिकेतल्या एमआयटीत शुगुआंग झांग यांच्या कामातून निघाली. यीस्टमधल्या एका प्रथिनाचा सोळा मण्यांचा तुकडा खारट पाण्यात टाकल्यावर त्याचा डोळ्यांना दिसेल असा पापुद्रा जमला. १९९३ साली ते छापून आलं. त्यावरून पुढे जी साखळी रचली तिच्यात आर्जिनिन, अलानिन, ॲस्पार्टिक आम्ल आणि परत अलानिन हे चौघं चार वेळा येतात. इंग्रजी खुणांची अक्षरं लावली की होतं 'राडा-१६'. झांग यांना मराठी येत असतं तर बरं झालं असतं. भाचा पीएमटीत उभ्यानं फोनवर बोलत होता, मी शेजारी होतो:

"अगं, काल रात्री दोन वाजेपर्यंत राडा केला. नाही ना, नीट जमलाच नाही. आज परत करणारे. तू फक्त सुया घेऊन ये."

खिडकीतले आजोबा पुढच्याच थांब्याला उतरले. कंडक्टरनं आमच्याकडे तिकिटाचे पैसे मागितले नाहीत.

एकदा त्यानं मला प्रयोगशाळा दाखवली. मला वाटलं होतं धूर, नळ्या, बुडबुडे. प्रत्यक्षात बोटाएवढी काचेची कुपी, तळाला जेमतेम चमचाभर पाण्यासारखं काहीतरी. त्यानं ती दोन बोटांत धरली, श्वास रोखला आणि हलक्या हातानं उलटी केली. तळातलं ते पाणी तळालाच, म्हणजे आता वर, चिकटून राहिलं. त्यात अडकलेला मोहरीएवढा बुडबुडाही जागचा हलला नाही.

"बघितलंस, मामा?"

"काय?"

"पडत नाहीये!"

खोलीतल्या तीन मुली आणि दोन मुलं माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी 'वा!' म्हणालो. सगळ्यांना बरं वाटलं. नंतर कळलं की हायड्रोजेलच्या शोधनिबंधांत उलट्या बाटलीचा असा फोटो हमखास असतो. पुढे महागडी यंत्रं येतात, ताठपणा पास्कलमध्ये मोजला जातो, आलेख काढले जातात. पण मनात खरी खात्री पटते ती बाटली उलटी केल्यावरच. मग त्यानं ते जेल सिरिंजमध्ये घेतलं आणि बारीक सुईतून दाबलं. दाबताना पातळ होऊन निमूट बाहेर आलं आणि काचपट्टीवर पडल्या पडल्या पुन्हा ताठ. दाब आला की नरम, दाब गेला की जसंच्या तसं. या गुणाचे साहेब मी बँकेत पाहिले होते, जेल पहिल्यांदाच पाहिलं.

ही उलटं करण्याची सवय घरी येते ही यातली वाईट गोष्ट. डेअरीत कुल्हडमधलं दही घेतलं की आधी उलटं करणार. लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाची वाटी उलटी. कोजागरीला खरवस आला तर चमच्यानं टिचकी मारून "सेट झालाय, पण यील्ड स्ट्रेस कमी आहे" असा शेरा. एकदा ताईनं नुकतं विरजण लावलेलं पातेलं त्यानं तपासलं. ते जेल नव्हतं.

पण या माणसाला खरा बघायचा तर आषाढीला. घरात ताईच्या सासूबाई, वय वर्षं ८४, कडक एकादशी. पानात साबुदाण्याची खिचडी. भाचेबुवांनी पहिला घास घेतला आणि सुरू झाले. शंभर वर्षांपूर्वी पॅरिसजवळ गास्तों रामों नावाचे एक पशुवैद्य घोड्यांना घटसर्पाच्या विषाची टोचणी देऊन त्यांच्या रक्तातून प्रतिविष काढत असत. त्यांच्या ध्यानात आलं की ज्या घोड्याला टोचल्या जागी गळू होतं, त्याच्या रक्तात प्रतिविष जास्त भरतं. मग गळू मुद्दामच का आणू नये? त्यांनी टोचणीत हाताला लागेल ते मिसळून पाहिलं: पावाचा चुरा, टॅपिओका...

"टॅपिओका म्हणजे?" आजींनी विचारलं.

"हाच, आजी. साबुदाणा."

"घोड्याला? टोचून?"

"हो, आणि चांगला चालला!"

आजींनी घास पानात ठेवला. "मग हा उपासाला चालतो की नाही ते सांग."

त्यावर शास्त्रात उत्तर नव्हतं. मी विषय हडपसरकडे वळवला, कारण तिथलंही मूळ घोड्यांतच आहे: घोड्यांची पैदास करणाऱ्या पूनावाला घराण्यातूनच १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. पण भाचा हटेना. साबुदाण्यानंतर तुरटी आली. १९२६ साली इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांनी घटसर्पाच्या लशीत तुरटी घातली आणि लस जोरात लागू पडली. तेव्हापासून ॲल्युमिनिअमचे क्षार लशींत जे ठाण मांडून बसले ते आजतागायत. लहानपणी आपल्याला टोचलेल्या ट्रिपलमध्ये तेच, कोव्हॅक्सिनमध्येही तेच, फक्त सोबतीला एक नवा रेणू.

"म्हणजे तुझे आजोबा दाढी झाल्यावर गालाला लावायचे तीच ना?" आजी म्हणाल्या. "मग तू इतकी वर्षं नवीन काय करतोयस?"

इथे त्याची बाजू मला घ्यावीशी वाटते. साबुदाणा आणि तुरटी लागू का पडतात हे कळायला पुढे कित्येक दशकं गेली. तुरटीचं तर पुरतं कोडं अजूनही उलगडलेलं नाही. या पोरांना उलट्या दिशेनं यायचंय. आधी समजून घ्यायचं, मग मणी निवडायचे: या जागी हा मणी ठेवला तर धागा जाड होईल, तिथे तो बदलला तर जेल हळू विरघळेल, शेपटाला अमका तुकडा लावला तर अमुक पेशी जाग्या होतील. टोचलेल्या जागी सूज न आणता काम व्हावं असाही हट्ट आहे. शिवाय हा माल कोरडा ठेवता येतो. कॉलियर यांच्याच गटानं पुढे दाखवलं की अशी लस भुकटीच्या रूपात ४५ अंशांत सहा महिने ठेवली तरी निकामी होत नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात जिथे फ्रीज नसतो आणि असला तर वीज नसते, तिथे याचं मोल काय आहे ते आरोग्यसेविकेला विचारा.

फक्त ते जमायला हवं. तेच पेप्टाइड, तेच पाणी, तोच माणूस. सोमवारी जेल होतं, मंगळवारी ताक. आम्लाचा अंश राहिला, सामू जरा हलला, आधी मीठ की आधी पेप्टाइड एवढा क्रम चुकला तरी धागे वेगळे जमतात. अशा वेळी या शास्त्रज्ञांचं काय होतं ते बघण्यासारखं असतं. खंडेनवमीला यांच्या सगळ्या यंत्रांना झेंडूचे हार चढतात. देव न मानणारा आमचा भाचा ताठपणा मोजायच्या यंत्रापुढे नारळ फोडताना मी डोळ्यांनी पाहिलाय. फक्त वजनकाट्याला त्यानं हार घालू दिला नाही. "रीडिंग बदलतं," म्हणाला.

आणि यश आलं तरी तोंड उतरतंच. मागे उंदरांत निकाल असा आला, की वर्गणी काढून पेढे वाटावेत. हा मात्र सुतकी चेहऱ्यानं बसला. का? तर इतकं चांगलं कधी येत नसतं. पाण्यातून नाहीतर भांड्यातून जिवाणूंच्या कवचाचा अंश आत गेला असणार. तो नुसता असला तरी शरीर खवळून उठतं, आणि श्रेय जेलला मिळतं. मग तपासणी. त्यासाठी हॉर्सशू क्रॅब नावाच्या समुद्री जीवाच्या रक्तापासून केलेलं द्रव्य वापरतात. जिवाणूंचा असा अंश असला की ते गोठतं. हे जीव आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडतात आणि त्यांचं रक्त असतं निळं. परत निळा! तपासणीत ते गोठलं. पेढे वाचले.

उंदरांचं म्हणाल तर त्याबाबतीत नियम कडक आहेत आणि ते असायलाच हवेत. कुठल्या उंदराला काय, किती, कशासाठी, याचे रकाने भरून नीतिसमितीची परवानगी आल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावता येत नाही. ताईच्या स्वयंपाकघरात उंदीर शिरला तेव्हा तिनं साहजिकच या तज्ज्ञाला हाक मारली. तो आला, ओट्याखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "आई, याला समितीची मंजुरी लागेल." उंदीर शेवटी शेजारच्या वहिनींनी केरसुणीनं मारला. कुठलाही अर्ज न भरता.

ताजी स्थिती अशी. राडा-१६ पासून केलेलं जेल शस्त्रक्रियेत रक्त थांबवायला देशोदेशी वापरतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२१ मध्ये ते पचनमार्गातल्या रक्तस्रावासाठी मान्य केलं. म्हणजे पाणी ताठ करण्याचा हा उद्योग अगदीच हवेतला नाही. लशीच्या बाबतीत मात्र आपोआप जमणाऱ्या पेप्टाइडच्या जेलवाली एकही लस अजून बाजारात आलेली नाही. बहुतेक काम उंदरांपाशीच आहे, आणि आपल्या दंडात अजून ग्लेनींच्याच घराण्यातलं ॲल्युमिनिअम जातंय. भाच्याचं वय ३१, प्रबंधाची चार प्रकरणं झाली, पाचवं उंदरांच्या हातात. पोह्यांच्या त्या घरून अजून निरोप नाही.

तुमच्या घरात किंवा सोसायटीत असा कुणी असेल, आणि असतोच हल्ली, तर एक विनंती. "लस कधी येणार?" हे त्याला विचारू नका, ते त्याचे गाईड, परीक्षक, आई आणि मुलीकडचे विचारतच असतात. जिन्यात गाठ पडली तर एवढंच विचारा, "काय रे, उलटी केल्यावर पडलं नाही ना?" आणि हातात दह्याचं भांडं असेल तर आधी घरात ठेवून या.